फाशीची मागणी मी का करत नाही

डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झालं. बलात्काराच्या अमानुष प्रकरणांत फाशी, ३० दिवसांत तपास. पुढे ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी अडकलं. तरी गावाकडे असं काही घडलं की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लगेच सुरू होतं: शक्ती लागू करा, फासावर लटकवा. संताप मलाही येतो. पण ही मागणी मी करणार नाही.

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे १९६४ नंतर कुणाला फाशी झालेली नाही. अँड्र्यू माल्किन्सनने न केलेल्या बलात्कारासाठी १७ वर्षं तुरुंगात काढली आणि २०२३ मध्ये डीएनए पुराव्यामुळे तो निर्दोष ठरला. फाशी असती तर?

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. कोर्टात साक्षीदारांना सोबत करण्याचं स्वयंसेवी काम मी करते. एकदा एक तरुण मुलगी आईसोबत सकाळपासून बसली होती. साक्षीआधी जुना जबाब वाचायला देतात, तो ती पुन्हा पुन्हा वाचत होती. दुपारी निरोप आला, आज कोर्टरूम मोकळी नाही, नवी तारीख मिळेल. ती पुढच्या वर्षीची निघाली. ‘मग मी हे परत सगळं लक्षात ठेवायचं?’ एवढंच ती म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याकडच्या सरकारी आकडेवारीत दरवर्षी बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. काका, शेजारी, शिकवणीचे सर. तक्रार केली तर काकाला फाशी होईल हे कळल्यावर घरातलीच माणसं त्या पोरीला गप्प बसवतील, याची मला खरी भीती वाटते. त्यात शक्ती विधेयकात खोट्या तक्रारीसाठी वेगळी शिक्षा आहे. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीनेही २०१३ मध्ये बलात्काराला फाशीची शिफारस केली नव्हती, तेव्हा तर देश पेटलेला होता.

नागपूरच्या अधिवेशनात आपल्या आमदाराने विचारावं असं मला वाटतं ते हे: न्यायवैद्यक प्रयोगशाळांत नमुने किती महिने पडून आहेत? विशेष न्यायालयांत न्यायाधीशांची किती पदं रिकामी आहेत? आणि तालुक्याच्या ठाण्यात रात्री अकराला मुलगी आली, तर तिचा जबाब घ्यायला महिला अधिकारी असते का?