गटाचा हप्ता थकला म्हणून घर वक्फला जात नाही

‘हिंदू भगिनींनो, सावधान!’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या लातूर, बीड, धाराशिवच्या ग्रुपांवर फिरतोय. असल्या मजकुराकडे मी एरवी ढुंकूनही पाहत नाही. पण औसा तालुक्यातल्या माझ्या आत्याने तो वाचून बचत गटातून नाव काढायचं ठरवलं, तेव्हा उत्तर देणं भाग पडलं. तिचा गट बारा जणींचा. मराठा, लिंगायत, मुस्लिम, बौद्ध अशा सगळ्या घरांतल्या बायका त्यात आहेत. याच बायका रेशनचं धान्य कमी मिळालं की एकत्र तहसीलला जातात आणि रोजगार हमीच्या कामासाठी नमुना भरून पोचपावती घेतल्याशिवाय ग्रामसेवकाच्या दारातून हलत नाहीत.

मेसेजचा सारांश असा: सर्वधर्मीय गट आणि मोर्चे ही हिंदू समाज पोखरण्यासाठी अमेरिकेतून आणलेली पद्धत आहे. त्यांना परदेशी पैसा येतो आणि त्यातून धर्मांतर होतं. गटातल्या मुस्लिम बाईने कर्ज बुडवलं की बँक हिंदू बाईचं घर जप्त करून वक्फ बोर्डाला देते. निजामाच्या काळात एकही मुसलमान आपल्या बाजूला नव्हता. मिश्र गटांच्या सरकारी योजना बंद होणार आहेत. म्हणून ‘आपापल्या धर्माचे गट करा’.

घराचं आधी घेतो, कारण आत्या त्यालाच घाबरली. “माझ्या नावावर येवढं एकच घर हाय, ते बी जातंय म्हनं की रे,” असं ती फोनवर म्हणाली. मेसेज लिहिणाऱ्याला नेमकं कुठं बोट ठेवायचं हे बरोबर कळलंय.

आता नियम काय आहे ते पाहा. महिला बचत गटांच्या कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे आणि ते सरकारी आणि खासगी बँकांना लागू आहे. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला कोणतंही तारण घ्यायचं नाही, गटाच्या बचत खात्यावरसुद्धा बोजा ठेवायचा नाही. १० ते २० लाखांच्या कर्जालाही तारण नाही, त्यासाठी सरकारी पतहमीची सोय आहे. घर किंवा शेत गहाणच नसेल तर बँक जप्त काय करणार? कागदच पाहायचा तर ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ काढा, तलाठ्याकडून सातबारा काढा आणि गटाच्या कर्जाचा बोजा कुठे चढलाय ते दाखवा. मेसेज पाठवणाऱ्या आमच्या एका भाऊबंदाला मी गाव, बँकेची शाखा आणि गटाचं नाव विचारलं. उत्तरादाखल दोन हात जोडलेलं चित्र आलं.

त्यातही हप्ता थकला बँकेचा, मग घर वक्फला का? बँक जप्ती करते ती लिलाव करून आपला पैसा वसूल करायला, दानधर्म करायला नव्हे. वक्फ म्हणजे मालकाने स्वतःची मालमत्ता धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी कायमची देऊन टाकणं. माझ्या आत्याचं घर बँकेने परस्पर वक्फ करायचं म्हणजे कायद्याच्या कोणत्या कलमाखाली? याच न्यायाने मराठा बाईने हप्ता थकवला तर तिच्या मुस्लिम शेजारणीचं घर तुळजापूरच्या मंदिराला जायला हवं. तसं झालेलं कुणी ऐकलंय?

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. डिसेंबर २०२४ मध्ये अहमदपूर तालुक्यातल्या तळेगावच्या १०३ शेतकऱ्यांना सुमारे ३०० एकर जमिनीच्या वादात वक्फ न्यायाधिकरणाच्या नोटिसा आल्या होत्या. त्यांची झोप उडाली ती खरी, आणि मेसेजवाल्याने तीच भीती उचलून इथे चिकटवली. पण तो जमिनीच्या मालकीचा दावा आहे. तिथे ना बचत गट, ना कर्ज, ना थकलेला हप्ता.

दुसरं अर्धसत्य जास्त महत्त्वाचं आहे. एकीने बुडवलं की बाकीच्या भरडल्या जातात, हे गावोगाव घडतं. पण कुठे? खासगी फायनान्स कंपन्यांच्या गटांत. चार-पाच बायकांना एकमेकींची हमी घ्यायला लावतात, वर्षाला वीस टक्क्यांच्या वर व्याज लावतात आणि एकीचा हप्ता चुकला की वसुलीवाला बाकीच्यांना उठू देत नाही. त्या पाचही जणी एकाच धर्माच्या, एकाच गल्लीतल्या असल्या तरी तो हेच करतो. उमेद या राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानातल्या गटाला मात्र ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं. हा गट मोडला की बाई दुखणं, पेरणी, लेकीचं लग्न यांसाठी जाणार कुठे? फायनान्सवाल्याकडे, सावकाराकडे, नाहीतर ऊसतोडीच्या मुकादमाकडे उचल घ्यायला. मेसेज कुणी लिहिला ते मला माहीत नाही. त्याचा फायदा कुणाला होतो एवढं मात्र दिसतंय.

परदेशी पैशाचं म्हणाल तर बाहेरून देणगी घ्यायला २०१० च्या कायद्याखाली केंद्राच्या गृहखात्याची नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतल्या खात्यातच येऊ शकते आणि एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. आत्याच्या गटाचं खातं तालुक्याच्या बँकेत आहे आणि त्यात बायकांची महिन्याची बचत जमा होते. मराठवाड्यात बाहेरचा पैसा खरोखर मोठ्या प्रमाणावर आला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचं कर्ज सरकारनेच घेतलं होतं. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या वसाहतींत आमचे अर्धे पाहुणे राहतात आणि दर आषाढीला पंढरपूरला जातात.

अमेरिकेचा मुद्दा अगदीच खोटा नाही. देवळं-चर्चमधली माणसं जोडून हक्कासाठी भांडायची एक पद्धत शिकागोत घडली. १९३९ मध्ये सॉल अलिन्स्की नावाच्या ज्यू घरातल्या माणसाने तिथल्या कत्तलखान्यांशेजारच्या कामगार वस्तीत कॅथलिक धर्मगुरू आणि कामगार संघटना यांना एका टेबलाशी बसवलं. पोलिश, लिथुआनियन, आयरिश अशा लोकांची चर्चं वेगवेगळी होती आणि एकमेकांशी त्यांचं पटत नव्हतं. लंडनमध्ये २००१ साली मशिदी, चर्च आणि शाळा मिळून सफाई कामगारांना जगण्यापुरता पगार मिळावा म्हणून उभ्या राहिल्या. दोन्हीकडे भांडण पगाराचं आणि वस्तीच्या हालांचं होतं, कुणी कुणाचा धर्म बदलला नाही.

आणि आपल्याला हे शिकायला शिकागोला जायची गरज कधी पडली? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला सगळ्या आळ्यांतली माणसं एकाच कामावर होती. त्या काळातल्या मागणीतूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. ऊसतोडीला कोयत्यावर सगळ्या जातींची माणसं जातात, मुसलमानही जातात. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जाताहेत अशी ओरड झाल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. या बायकांनी मुकादमासमोर धर्माप्रमाणे वेगवेगळं उभं राहायचं, असं या मेसेजवाल्याचं म्हणणं आहे का?

निजामाबद्दल फार लिहीत नाही. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, आमच्या घरातही त्या आठवणी आहेत. पण ‘एकही मुसलमान नव्हता’ हे धडधडीत खोटं आहे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबउल्ला खान यांनी भारतात विलीन व्हा असं लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना हैदराबादेत मारलं. मारणारे रझाकारच होते. आणि सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजेने केलेल्या पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेडकडे मुसलमानांवर काय गुदरलं हे पंडित सुंदरलाल यांच्या समितीने लिहून ठेवलंय. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करताना दोन्ही लक्षात ठेवायला हरकत नाही.

राहिलं मिश्र गटांच्या योजना बंद होण्याचं. ज्या राष्ट्रीय अभियानातून उमेद चालते, त्यातच १५ टक्के लाभार्थी अल्पसंख्याक असावेत असं उद्दिष्ट आहे. गटातल्या बायकांची आर्थिक स्थिती साधारण सारखी असावी असं सांगतात, पण धर्म एक असावा असं कुठेच नाही. गटाला मात्र साधारण १० ते २० बायका लागतात. मेसेजचं ऐकून आत्याच्या गटाचे धर्माप्रमाणे तुकडे केले, तर सात जणी एकीकडे, तीन दुसरीकडे आणि दोघी तिसरीकडे. यातला एकही गट बँकेच्या दारात उभा राहू शकत नाही. फायनान्सवाल्याला चार-पाच जणी पुरतात.