१० अँपिअरच्या सॉकेटचं काय?

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज-करंट मोजायचं यंत्र, यावरच्या लेखातलं ‘घरच्या कामाला तीनशे रुपयांचा कुठलाही मल्टिमीटर चालतो’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. सेल, अडॅप्टर, छोटी सर्किटं तपासायला चालतो, अचूकताही पुरेशी मिळते. पण घर म्हटलं की २३० व्होल्टचा प्लग आलाच, आणि त्याबद्दल लेखात एक ओळही नाही. डीटी-८३० जातीच्या स्वस्त मीटरवर १० अँपिअरच्या, म्हणजे मोठा करंट मोजायच्या, सॉकेटशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. मीटरची लाल वायर त्यात राहिली आणि प्रोब (वायरींच्या टोकाच्या धातूच्या सुया) तसेच प्लगात घातले, तर करंट मीटरमधून जवळपास विनाअडथळा जातो, म्हणजे सरळ शॉर्टसर्किट! मध्ये अडवायला फ्यूजच नाही.

कोपरखैरण्यात आमच्या बिल्डिंगमधली कॉलेजची मुलं प्रोजेक्टसाठी माझ्याकडे येतात. त्यांना मी सांगतो, थोडे जास्त पैसे टाका, पण दोन्ही करंट सॉकेटांना फ्यूज असलेलाच मीटर घ्या. आणि प्रोबची वायर मुठीपाशी वाकवून बघा. स्वस्त वायर तिथेच आतून तुटते, वरून काही कळत नाही. मग चालू लाइनवरही मीटर शून्य दाखवतो आणि माणूस बिनधास्त हात घालतो. म्हणून आधी चालू प्लगवर मीटर तपासायचा, मग कामाच्या जागी लावायचा, आणि पुन्हा एकदा चालू प्लगवर.