रेडा कुठे पार्क करू?

परवाच्या एकांकिका स्पर्धेत एकाच दिवशी तीन यम आले आणि तिघांनीही एन्ट्रीला हेच विचारलं. हशा तिन्ही वेळा पिकला. तेव्हा तुम्हीही यमावरच लिहा, दुसरं काही डोक्यात आणूच नका.

आधी कपडेपट. काळा मखमली झगा, पुठ्ठ्याचा शिंगवाला मुकुट आणि गदा. यमाच्या हातात दंड आणि पाश असतो, पण ड्रेपरीवाल्याकडे भीमाची गदा रिकामी पडलेली असते, तीच उचला. मिशा घाम न पुसताच चिकटवा. दहाव्या मिनिटाला डावी बाजू सुटते आणि पुढे यम वरचा ओठ न हलवता बोलतो. लोकांना तो भारदस्तपणा वाटतो.

धुराचं मशीन गरम व्हायला पाच-सात मिनिटं लागतात, म्हणून ते ऐन एन्ट्रीलाच चालू करा. यमाची चार वाक्यं झाली की धूर येईल.

चित्रगुप्ताला लॅपटॉप. सर्व्हर डाउन.

अप्सरा हव्यातच. त्या इंद्राकडे असतात, पण कोण विचारतंय!

कथानक एकच: नावात घोळ झाला, दूताने भलताच माणूस उचलला. ही कल्पना आपल्यालाच सुचली असं मुलाखतीत ठोकून सांगा. महाभारतातलं अनुशासनपर्व कोण उघडतंय? तिथे पर्णशाला गावातल्या शर्मी नावाच्या ब्राह्मणाला आणायला यम दूत पाठवतो आणि बजावतो, त्याच नावाचा, त्याच गोत्राचा दुसरा शेजारीच राहतो, त्याला आणू नकोस. दूत नेमका त्यालाच आणतो. यम चिडत नाही, गदा आपटत नाही. उठून पाहुण्याचा मान करतो आणि परत जा म्हणतो. तर अध्ययनाला कंटाळलेला हा गृहस्थ म्हणतो, उरलेलं आयुष्य इथेच काढतो! आता बोला. एक माणूस परत जायला तयार नाही आणि दुसरा त्याची वेळ भरल्याशिवाय ठेवून घेऊ शकत नाही. याहून चांगला प्रवेश कुठल्या कार्यशाळेत मिळणार आहे? आणि तुम्ही तिथे आधार लिंक नसल्याचा विनोद घालता!

कठोपनिषदातही तेच. नचिकेत तीन रात्री यमाच्या दारात उपाशी राहतो, म्हणून यम ओशाळतो आणि तीन वर देतो. तिसऱ्या वराला पोराने मेल्यानंतर काय ते विचारलं, तर हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, पण हे विचारू नकोस म्हणतो. साक्षात यम विषय टाळतोय! बिनरेड्याचा, बिनमिशांचा, दोन पात्रांचा प्रवेश. खर्च शून्य.

पण नाही. तुम्हाला हशा हवा, परीक्षकांना चहा हवा. अरे, निदान शांतिपर्व तरी चाळा. तिथे मृत्यू ही बाई आहे. ब्रह्मदेव तिला माणसं मारायला सांगतो आणि ती रडते, नको म्हणते, तपाला निघून जाते. ओंजळीत धरलेल्या तिच्या आसवांचेच पुढे रोग होतात. कुठल्याही नटीने जीव टाकावा अशी भूमिका आहे ही. तुमच्या संघात चार मुली आहेत. त्या चौघींना तुम्ही अप्सरा म्हणून नाचवलंत.