चाळीस रुपयांचं बिल

माझ्या मावसबहिणीची डावी पोटरी दुखायला लागली ती मागच्या वर्षी, गौरी जेवायच्या दिवशी. घरात सगळ्यांचं एकमत की सकाळपासून ओट्याशी उभी आहे, म्हणून. मावशीने तेल लावून पाय चांगला रगडून दिला. चौथ्या दिवशी तो पाय दुसऱ्याच्या दीडपट दिसायला लागला तेव्हा डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केली. शिरेत गुठळी. असा पाय रगडायचा नसतो, हे आम्हाला तिथे कळलं. गुठळी निसटून फुप्फुसात गेली नाही, हे नशीब.

तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "गोळ्या चालू आहेत का? पाळीच्या, गर्भनिरोधक, कसल्याही?" होत्या, गर्भनिरोधक. चार महिने. दुसरा प्रश्न, "आधी कधी पाय सुजला होता?" सुजला होता. अकरा वर्षांपूर्वी, पहिल्या बाळंतपणानंतर, हाच पाय. तेव्हा आम्हाला "शिरेला सूज आहे" एवढंच सांगितलेलं आणि महिनाभर इंजेक्शनं दिलेली. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसतं कागदावर लिहीत राहिले. पण जिला एकदा गुठळी होऊन गेली आहे तिला इस्ट्रोजेन या हार्मोनवाली गर्भनिरोधक गोळी द्यायची नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांतली अगदी ठळक ओळ आहे. लिहून देणाऱ्याने हा दुसरा प्रश्न विचारला असता तर ती गोळी तिच्या हातात पडलीच नसती. तो कुणी विचारला नव्हता. बीपीसुद्धा बघितलं नव्हतं.

आता लगेच कमेंटमध्ये "म्हणूनच आमच्या आजीच्या काळी..." सुरू करू नका. गोळीच्या विरोधात ही पोस्ट नाही. मी स्वतः सहा वर्षं घेतली, काही झालं नाही. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला १ ते ५ जणींना अशी गुठळी होते, घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना, आणि गरोदरपणात ५ ते २०. म्हणजे गोळीपेक्षा बाळंतपण जास्त धोक्याचं. बहुतेकींना गोळी चालते. ज्यांना चालत नाही त्या कोण, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि माझं भांडण तेवढ्यावर आहे.

मी वकील नाही. सतरा वर्षं विम्याच्या ऑफिसात क्लेमच्या फायली बघते, त्यामुळे कुठल्याही दुःखाकडे 'कागद काय आहेत?' या नजरेने बघायची वाईट खोड लागली आहे. बहीण घरी आल्यावर तिच्या नवऱ्याचं म्हणणं, पोलिसात जाऊ. मी त्याला बस म्हटलं. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा टिकवायचा तर निष्काळजीपणा फार ढोबळ, डोळ्यांत खुपणारा लागतो आणि आधी दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं मत लागतं, हे सुप्रीम कोर्टाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्येच सांगून ठेवलंय. पोलिसात जाऊन बहुतेकदा फक्त राग निघतो. भरपाई हवी तर रस्ता ग्राहक आयोगाचा. पैसे घेऊन केलेले उपचार ही 'सेवा' आहे, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मग कंपनी हिमाचलात असो की मुंबईत. वकील सक्तीचा नाही. मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि गोळ्यांना कोण पाच लाख मोजतं? मुदत दोन वर्षं. उशिराचं कारण पटलं तर आयोग माफ करू शकतो, पण त्या भरवशावर बसू नये.

नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ आमच्या ओळखीचे एक वकीलकाका बसतात. त्यांच्याकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "डॉक्टरची चिठ्ठी?" ती मेडिकलवाल्याने ठेवून घेतली होती, पहिल्याच महिन्यात. पुढचे तीन महिने नाव सांगून गोळी आणली. "बिल?" नाही. "पाकीट, पत्रक, बॅच नंबर?" पाकिटं दर महिन्याला घंटागाडीत गेली. "अकरा वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड?" सिडकोतून इंदिरानगरला घर बदललं त्यात हरवलं, आणि ते हॉस्पिटल आता बंद आहे. चालू असतं तरी दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं सांभाळायचा नियम, अकरा नाही. हातात उरलं काय, तर डॉप्लरचा रिपोर्ट आणि यूपीआयच्या चार नोंदी, ज्यात मेडिकलचं नाव दिसतं पण काय घेतलं ते दिसत नाही. साबण घेतला असेल असंही म्हणता येईल. काका म्हणाले, "बाई, केस आहे. पण माझ्याकडे ती दाखवायला काही नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आज एवढं लांबलचक लिहायला बसले.

कारण नंतर मी कायदा काढून वाचला, आणि तो आपल्याला वाटतो तितका वाईट नाही. २०१९ च्या कायद्यात उत्पादनामुळे झालेल्या इजेची जबाबदारी असं अख्खं प्रकरण आहे. कंपनीने पुरेशी सूचना दिली नाही तर ती जबाबदार. पण कलम ८७ मध्ये तिला एक पळवाट आहे: वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायची असेल आणि कंपनीने त्या तज्ज्ञाला नीट सूचना पोचवल्या असतील, तर सूचना न दिल्याचा ठपका तिच्यावर येत नाही. म्हणजे कंपनी म्हणणार, आम्ही डॉक्टरांना सांगितलं होतं. डॉक्टर म्हणणार, मी एकदाच लिहून दिली, पुढचे तीन महिने बाईंनी आपणहून घेतली. आणि बाईंकडे चिठ्ठीच नसेल तर डॉक्टर चित्रातच नाहीत.

मग उरतो मेडिकलवाला. इथे मात्र कायदा त्याला सोडत नाही, आणि हे मला स्वतःला नवीन होतं. कलम ८६ म्हणतं की कंपनीने दिलेल्या धोक्याच्या सूचना विक्रेत्याने विकताना पुढे दिल्या नाहीत आणि त्यामुळेच इजा झाली, तर तोही जबाबदार. आता आठवा, आपल्याकडे स्ट्रिप कशी मिळते. कात्रीने कापून. पत्रक खोक्यात राहतं आणि गोळ्या कागदी पुडीत येतात. माला-डीसारख्या काही गोळ्यांना चिठ्ठीची सक्ती नाही, ते ठीक. बहिणीच्या गोळीच्या पाकिटावर लाल रेघ होती, चिठ्ठीशिवाय विकू नये अशी. खात्री करायला मी तोच ब्रँड दुसऱ्या एका दुकानात मागितला. तीस सेकंदांत मिळाला. मुलाने मोबाइलवरून मान वर केली नाही.

आणि बिल न देणं ही त्याच कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून स्वतंत्र लिहिलेली गोष्ट आहे. ज्या शहरात गोळे कॉलनीसारखी औषधांची घाऊक पेठ आहे आणि म्हसरूळला अख्ख्या राज्याचं आरोग्य विद्यापीठ आहे, त्या शहरात गोळीचं बिल मागितलं की आपण इन्कम टॅक्सवाले असल्यासारखे बघतात.

डॉक्टरांबाबत एक बारीक गोष्ट काकांनी समजावली. आपण सगळे म्हणतो, "धोका सांगितला नाही". समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने संमतीसाठी पेशंटला पुरेशी माहिती मिळालीच पाहिजे असं म्हटलं, पण प्रत्येक दूरचा धोका मोजून दाखवा असं नाही म्हटलं. त्यामुळे नुसतं 'सांगितलं नाही' यावर डॉक्टरचा वकील वाद घालू शकतो. "विचारलं नाही" हे त्याहून भक्कम. आधी गुठळी, बीपी, अर्धशिशी येण्याआधी डोळ्यांपुढे लखलखतं का, पस्तिशीपुढे सिगारेट, बाळ सहा आठवड्यांच्या आतलं आणि अंगावर पितंय का. हे प्रश्न केसपेपरवर दिसायला हवेत. केसपेपर मागायचा हक्क आहे, लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यावा लागतो. तोंडी मागू नका, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळालेली माला-एन गोळी किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन असेल तर गणित वेगळं. जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत, तिथे ग्राहक आयोगाचं दार बंद. तिथे दिवाणी दावा किंवा हायकोर्ट. औरंगाबादच्या चंद्रिकाबाईंचं प्रकरण वाचून मी रात्री झोपले नाही. १९६३ मध्ये सरकारी रुग्णालयात नसबंदी झाली, पोटात टॉवेल राहिला, त्या गेल्या. राज्य सरकार जबाबदार आहे हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं १९९६ मध्ये. भरपाई ३६ हजार.

अंतरामधलं औषध म्हणजे तेच, ज्यावरून सध्या अमेरिकेत फ्लोरिडाच्या कोर्टात हजारो बायका कंपनीविरुद्ध उभ्या आहेत. २०२४ मध्ये फ्रान्सच्या एका अभ्यासात हे इंजेक्शन वर्षभर किंवा जास्त घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणाच्या गाठीचा, मेनिन्जिओमाचा, धोका साधारण साडेपाच पट दिसला. मुळात ही गाठ विरळ, त्यामुळे घाबरून उद्याचा डोस चुकवू नका, डॉक्टरांशी बोला. मला हेवा वाटतो तो त्या बायकांच्या कागदांचा. कुठल्या तारखेला, कुठल्या दवाखान्यात, कुठलं इंजेक्शन, सगळं त्यांच्या नोंदीत आहे. आपल्याकडे कार्ड असतं, ते माहेरी राहतं.

पाळी पुढे ढकलायच्या गोळीचंही बोलायला हवं, कारण ती आपण औषध मानतच नाही. सत्यनारायण, लग्न, वणीला जायचंय, आणि २०२७ ला तर सिंहस्थ दारात आहे. ही गोळी, म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, दिवसाला तीन अशी घेतली की त्यातला थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. जिला गर्भनिरोधक गोळी चालत नाही तिने हीसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नये. ही तर जावेच्या पर्समधून येते. तिथे कोणाला पकडणार, जावेला?

आम्ही केस केली नाही. एक गोष्ट मात्र केली, १८००-१८०-३०२४ वर फोन. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी केंद्र सरकारची हेल्पलाइन, पेशंटलाही स्वतः कळवता येतं. त्यातून भरपाईचा एक रुपया मिळत नाही. पण अशा नोंदी साचल्या तर पाकिटावर नवीन इशारा छापला जाऊ शकतो.

बहीण बरी आहे. रक्त पातळ व्हायची गोळी चालू, पायात घट्ट मोजे. तिच्या कपाटात आता बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढून मगच मूळ प्रत, रिकामी पाकिटंसुद्धा. नवरा तिला चिडवतो.

काल मी तिच्या गोळ्या आणायला गेले. मुलगा म्हणाला, "ताई, चाळीस रुपयांचं काय बिल?" मागे चार जण रांगेत. एक काका पुटपुटले, "द्या हो सोडून." मी उभी राहिले. प्रिंटरला कागद नव्हता, मग त्याने हाताने लिहून दिलं. बॅच नंबर विसरला होता, तोही लिहायला लावला.