कोनचा दोरा आणि ‘घरबसल्या हौशी बायका’

दादा, प्रतिक्रियेबद्दल आभार. घरच्या शिलाई मशीनवर कोनचा दोरा (निमुळत्या नळीवर गुंडाळलेला, रिळापेक्षा मोठा गुंडा) लावण्याविषयी मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोन कारखान्यातल्या मशीनसाठी असतो, घरच्या मशीनचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) त्याने बिघडतं, कोनवर मिळणारा ओव्हरलॉकचा (कापडाच्या कडा बांधायच्या मशीनचा) दोरा कच्चा असतो, त्याचं तूस आत साचतं. आणि शेवटी, ‘घरबसल्या हौशी बायकांनी लोकांना चुकीचं शिकवू नये.’

सुरुवात त्या शेवटच्या वाक्यापासूनच करते, कारण बाकीचं वाचून झाल्यावरही तेच डोक्यात राहिलं.

मी नौपाड्यातल्या चाळीत वाढले. आईची काळी पायमशीन दाराशी, उजेडाला असायची आणि दिवाळीच्या तोंडावर खाटेवर ब्लाऊजपिसांचे गठ्ठे. आम्हा भावंडांची फी त्या मशीनने भरली. लग्नानंतर कळव्यात मी स्वतः फॉल-पिको आणि ब्लाऊजची कामं घ्यायला लागले, आजही घेते. गाळ्यात बसून शिवलं की धंदा आणि घरात बसून शिवलं की हौस, ही वाटणी कोणी केली? शिवण उसवली तर गिऱ्हाईक माझ्याही दारात येऊन उभं राहतं आणि चारचौघांत ऐकवून जातं. लेख एखाद्या टेलर मास्तरांनी लिहिला असता तर ‘घरबसल्या’ हा शब्द तुम्ही वापरला असता का, हे खरंच विचारावंसं वाटतं.

तुम्ही मशीन दुरुस्तीच्या धंद्यात आहात. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण तुमच्याकडे येते ती बिघडलेलीच मशीन. कोन लावून नीट चालणारी मशीन तुमच्या दुकानाची पायरी कशाला चढेल? तेवढ्यावरून घराघरांतल्या मशीनींचा निकाल लावू नये.

आता टेन्शन. बायका कोन मशीनवरच्या रिळाच्या खिळ्यात अडकवायला जातात. तो तिथे नीट बसत नाही, डुगडुगतो, दोरा त्याच्या बुडाशी अडकतो आणि हिसके बसतात. टाका आवळतो, दोरा तुटतो, कधी सुईसुद्धा वाकते. याला तुम्ही कोनचा दोष म्हणता. उभ्या खिळ्यावरचं साधं रीळ फिरत फिरत दोरा सोडतं. कोन जागचा हलायचा नसतो. त्याचा दोरा तिरपा, एकावर एक आडवा गुंडाळलेला असतो, तो टोकावरून सरळ वर निघायला हवा. म्हणून कोन मशीनच्या मागे टेबलावर ठेवायचा आणि त्याच्या बरोबर मध्यावर, कोनाच्या उंचीच्या निदान अडीचपट उंचीवर, आकडा हवा. मी खिडकीच्या गजाला जाड तारेचा आकडा बांधला आहे. दोरा त्यातून मशीनच्या पहिल्या कडीत येतो आणि पुढे नेहमीसारखाच जातो. टेन्शन धरतात त्या मशीनवरच्या चकत्या, दोरा त्यांच्यामधून जातो. दोरा कोनवरून हिसका न खाता आला, तर त्यांना रीळ काय नि कोन काय. आणि ओवताना दाबपाय वर हवा, म्हणजे चकत्या उघड्या राहतात. दाबपाय खाली ठेवून ओवलं तर दोरा चकत्यांत बसतच नाही, कापडाच्या खालच्या बाजूला जाळं होतं, आणि मग कोणी बॉबिनला दोष देतं, कोणी कोनला. हे सगळं मूळ लेखात आहे. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचला होता का?

एक गोष्ट मान्य. ओव्हरलॉकचा दोरा बारीक असतो आणि बारीक दोरा सगळीकडे चालत नाही. पॉलिस्टर दोऱ्यात तिकीट नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक: 120 म्हणजे साधारण टेक्स 25, 75 म्हणजे टेक्स 40 (टेक्स हे जाडीचं माप, त्यात आकडा मोठा तितका दोरा जाड). पँटच्या बैठकीला किंवा पिशवीच्या बंदांना 120 नंबर वापरू नये, एवढ्यापुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण बारीक म्हणजे कच्चा नव्हे. ब्लाऊज, परकर, उशीचे अभ्रे यांना तो पुरतो. जांभळी नाक्यावर कोन घेताना हातभर दोरा ओढून, झटका देऊन बघावा. जागोजागी गाठी किंवा जाड-बारीकपणा दिसला तर घेऊ नये.

तूस रिळाच्या दोऱ्याचंही साचतं. शटलजवळ, बॉबिन बसते तिथे, ब्रश फिरवायचा, थेंबभर तेल सोडायचं. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ते शेवटचं वाक्य मात्र तुम्ही स्वतः काढावं, एवढी अपेक्षा आहे.