टेहळणी विमानांचा काळ संपलेला नाही

"टेहळणी विमाने आता कालबाह्य झाली. उपग्रह अवकाशातून वर्तमानपत्र वाचतो, चोवीस तास नजर ठेवतो आणि त्याला कोणी पाडू शकत नाही. मग विमानांवर पैसा कशाला घालवायचा?" हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. देशाच्या संरक्षणाची कळकळ असलेली माणसेही तो खरा मानून पुढे पाठवतात, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवे.

आधी वर्तमानपत्राची गोष्ट. आरसा जेवढा मोठा तेवढा तपशील बारीक, हा प्रकाशाचा नियम आहे. हबल दुर्बिणीएवढा 2.4 मीटरचा आरसा 250 किलोमीटर उंचीवर नेला, तरी जमिनीवरचे साधारण 6 सेंटिमीटर अंतरावरचे दोन ठिपकेच वेगळे दिसतील. छापील अक्षर ओळखायचे तर अर्धा मिलिमीटर वेगळा दिसायला हवा. त्यासाठी आरसा तीनशे मीटर रुंद लागेल. हा मुद्दा इथेच संपला.

"चोवीस तास नजर" हा दावा मात्र घातक आहे, कारण तो खोटा दिलासा देतो. बारकावे टिपणारे उपग्रह काही शे किलोमीटर उंचीवरून सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावतात. त्यांची प्रदक्षिणा दीड तासात पुरी होते खरी, पण तेवढ्यात खाली पृथ्वी साडेबावीस अंश वळलेली असते. विषुववृत्तावर हे अंतर 2500 किलोमीटर भरते. त्यामुळे पुढच्या फेरीत तीच जागा खाली येत नाही, आणि येते तेव्हाही काही मिनिटांपुरतीच. एकाच जागी स्थिर वाटणारा भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो. तिथून ढग दिसतात, रणगाडे मोजता येत नाहीत. उपग्रहांची संख्या वाढली की मधल्या फटी कमी होतात, हे मान्य. पण ते केव्हा माथ्यावरून जाणार याचे गणित समोरच्यालाही मांडता येते. पोखरणला मे 1998 च्या अणुचाचण्यांआधी भारतीय अभियंत्यांनी नेमके तेच केले. अमेरिकी उपग्रहांच्या वेळा हेरून बरेचसे काम रात्री उरकायचे आणि उजाडण्याआधी यंत्रे होती तिथे नेऊन ठेवायची. 11 मेचे स्फोट होईपर्यंत अमेरिकेला सुगावा लागला नाही.

विमान केव्हा निघेल, कुठल्या बाजूने येईल, किती वेळ घिरट्या घालेल, हे माणूस ठरवतो. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. 1962 मध्ये अमेरिकेकडे कोरोना नावाचे हेरगिरी उपग्रह होते; त्यांची फिल्म कुपीत घालून खाली सोडायची आणि हवेत झेलायची. तरी क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तळ 14 ऑक्टोबरला टिपले ते खूप उंचावरून उडणाऱ्या यू-2 टेहळणी विमानाने. 23 तारखेपासून आरएफ-8 क्रुसेडर विमाने अगदी खालून उडत त्याच तळांची जवळची छायाचित्रे आणू लागली.

विमान पाडता येते, हे खरे आहे आणि त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. 1 मे 1960 ला अमेरिकी वैमानिक गॅरी पॉवर्सचे यू-2 सोव्हिएत हद्दीत पडले, तो पकडला गेला. 27 ऑक्टोबर 1962 ला क्युबावर यू-2 चा वैमानिक रुडॉल्फ अँडरसन मारला गेला. कारगिलच्या वेळी, 21 मे 1999 ला, छायाचित्रे घ्यायला गेलेल्या भारतीय कॅनबेरा विमानाला क्षेपणास्त्र लागले. वैमानिकाने ते परत आणून उतरवले, ही मोठी गोष्ट. म्हणूनच आज बरीचशी टेहळणी शत्रूच्या डोक्यावरून न करता सीमेच्या अलीकडून किंवा किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या बाहेरून, तिरक्या नजरेने होते. उपग्रहही अभेद्य नाही. चीनने 2007 मध्ये आणि भारताने 27 मार्च 2019 ला आपापला उपग्रह फोडून ते दाखवले आहे.

या मजकुरात न लिहिलेली आणखी एक समजूत दडली आहे: टेहळणी म्हणजे फोटो. अमेरिकेच्या आरसी-135 विमानात तीसएक माणसे बसून रेडिओ आणि रडारचे संकेत ऐकतात. पृथ्वी गोल असल्याने जितके उंच तितके लांबचे दिसते: नऊ किलोमीटर उंचीवरच्या रडारला समुद्रालगतचे लक्ष्य सुमारे 400 किलोमीटरवरून दिसू शकते. वीस मीटरच्या मनोऱ्यावरून ते अंतर वीस किलोमीटरही भरत नाही. भारतीय नौदलाचे पी-8आय विमान समुद्रात सोनोबॉय, म्हणजे पाण्यातला आवाज ऐकणारी तरंगती यंत्रे, सोडून पाणबुडीचा आवाज टिपते. खाऱ्या पाण्याखाली रडारची लहर पोचतच नाही, मग ती उपग्रहावरून सोडा की आणखी कुठून.

"पण ड्रोन आहेत ना!" असे काही जण म्हणतात. तीस तासांहून अधिक काळ हवेत राहणारे ग्लोबल हॉक हेही टेहळणी विमानच आहे, फक्त वैमानिक जमिनीवर बसलेला असतो. 20 जून 2019 ला इराणने अमेरिकेचे तसले एक पाडले, तेव्हा कोणाचा जीव गेला नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये चीनचा मोठा फुगा अमेरिकेवरून जात होता. जगातला बलाढ्य उपग्रह-ताफा हाताशी असताना अमेरिकेने त्याच्याजवळ पाठवले ते यू-2, ज्याचे पहिले उड्डाण 1955 मध्ये झाले होते. वैमानिकाने फुग्याच्याही वरून त्याचा फोटो काढला, आणि त्या फुग्याला संकेत टिपणारी यंत्रणा होती हे अमेरिकेने यू-2 च्याच छायाचित्रांच्या आधारे जाहीर केले.