घड्याळ बघून माणसाची लायकी कळते म्हणे

सध्या एक दावा खूप फिरतोय. माणूस किती यशस्वी आहे ते मनगट बघून कळतं, मोठे स्टार रोलेक्स नाहीतर पाटेक फिलिपसारखी महागडी स्विस घड्याळं घालतात ते उगाच नाही, शिवाय ती घड्याळं सगळ्यात अचूक असतात आणि पैसे वाया जात नाहीत कारण ती इन्व्हेस्टमेंट आहे. मला घड्याळं मनापासून आवडतात, म्हणून हे ऐकून जास्त चिडचिड होते. विशीतली पोरं हे खरं मानून हप्त्यावर घड्याळ घ्यायला निघतात तेव्हा वाईटही वाटतं.

आधी मनगटावरून यश ओळखायचं बघू. हे नवीन नाहीये, 2009 मध्ये फ्रान्समधले जाहिरातवाले जॅक सेगेला टीव्हीवर म्हणाले होते की पन्नाशीपर्यंत रोलेक्स नसेल तर आयुष्य फुकट गेलं, आणि त्यावर एवढा गदारोळ झाला की पुढे त्यांना माफी मागावी लागली. बोलणारा माणूस जाहिरातीतला होता हे लक्षात घ्या. उलट बिल गेट्स साध्या कॅसिओत दिसलेत, आता त्यांची लायकी काय ठरवणार?

बरं, स्टार घालतात ते. अहो, त्यातले कितीतरी ब्रँड अँबॅसेडर असतात, घड्याळ घालणं हे त्यांचं कामच आहे! जेम्स बाँड कादंबऱ्यांमध्ये रोलेक्स घालायचा आणि 1995 पासून सिनेमात ओमेगा घालतो, कारण कंपनीशी करार झाला, बाँडची आवड बदलली म्हणून नाही. आणि ही युक्ती तर जवळजवळ शंभर वर्षं जुनी आहे. 1927 मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही ब्रिटिश जलतरणपटू इंग्लिश खाडी पोहायला उतरली तेव्हा रोलेक्सने तिला आपलं वॉटरप्रूफ घड्याळ दिलं, तिने ते गळ्यात अडकवलं, त्या दिवशी थंडीमुळे पोहणं पूर्ण झालं नाही पण घड्याळ चालू राहिलं, आणि कंपनीने पेपरात पहिल्या पानावर जाहिरात दिली. हुशारी मानतो मी त्यांची, पण ती विकण्यातली हुशारी आहे.

अचूकतेचं तर एका वाक्यात संपतं. उत्तम स्विस मेकॅनिकल, म्हणजे स्प्रिंगवर चालणाऱ्या, घड्याळाला अचूकतेचं क्रोनोमीटर सर्टिफिकेट मिळतं ते दिवसाला 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढी सूट धरून, आणि सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणाऱ्या क्रिस्टलवर चालणारं बॅटरीवालं स्वस्त क्वार्ट्झ महिन्याभरात साधारण 15-20 सेकंद चुकतं, म्हणजे दिवसाला एका सेकंदापेक्षाही कमी. मेकॅनिकल घ्यावं ते त्यातल्या कारागिरीसाठी, मी पण त्याच्यासाठीच वेडा आहे.

राहिली इन्व्हेस्टमेंट. 2022 च्या सुरुवातीपर्यंत काही मोजक्या मॉडेल्सचे भाव वेड्यासारखे चढले आणि मग धाडकन खाली आले, वर चढलेल्या भावात घेतलेले लोक अडकले. बाकी बहुतेक लक्झरी घड्याळं दुकानाबाहेर पडताच किंमत गमावतात, वर सर्व्हिसिंगचा खर्च वेगळा.

यावर हमखास हॉलिवूडचा अभिनेता पॉल न्यूमनच्या डेटोनाचं, म्हणजे रोलेक्सच्या एका मॉडेलचं, उदाहरण देतात, 2017 च्या लिलावात सुमारे 1 कोटी 77 लाख डॉलरला गेली म्हणून. पण ती गोष्ट नीट बघा ना. तसल्या डायलच्या डेटोना त्या काळी दुकानात पडून असायच्या, कोणी विचारायचं नाही. न्यूमनने घातली म्हणून ती मोठी झाली, घड्याळामुळे न्यूमन नाही. त्याला ती बायकोने, जोअॅन वुडवर्डने दिली होती, तो कार रेसिंग करायचा म्हणून घड्याळाच्या मागच्या बाजूला 'गाडी सांभाळून चालव' असं कोरून. आणि 1984 मध्ये त्याने ती मुलीच्या मित्राला देऊन टाकली, का, तर न्यूमनने त्याला किती वाजले विचारलं आणि त्या पोराकडे घड्याळच नव्हतं. रोज चावी दिलीस तर वेळ चांगली दाखवते, एवढंच सांगितलं.